बटण अडकलेलं नाही

भिंगवाल्यांना बोलतं करायचं असेल तर मशीन बंद करू नका, असं त्यांच्या दुकानातले लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. काच घासायची चाकं घरघर फिरत असली की हा माणूस स्वतःशी घडाघडा बोलायचा. मशीन थांबलं की बोलती बंद.

तेहेतीस वर्षं त्यांनी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासली. पुढे गिऱ्हाईक, मागे भिंगवाले, मध्ये जाडजूड पडदा. त्या पडद्यापुढे यायची वेळ त्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नाही, कारण भिंगवाले तोतरे होते. हसून सोडून द्यावं इतपत नव्हे. बाकीची अक्षरं नुसती अडखळायची, पण क, प आणि ट ही अक्षरं समोर आली की त्यांची दातखीळ बसायची. ओठ मिटायचे, मानेची शीर ताठ व्हायची आणि आवाज म्हणून काही बाहेर पडायचा नाही. मग या माणसानं युक्त्या शोधल्या. ‘पाणी’ नको म्हणून ‘तहान लागली’. ‘कात्री’ नको म्हणून ‘ते हे द्या, दोन दांड्यांचं’. त्यांच्या घराचा बसथांबा प-वरून सुरू व्हायचा, म्हणून ते पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचे आणि तेवढं अंतर मागे चालत यायचे. रोज, तेहेतीस वर्षं! आणि बायको विचारायची तेव्हा सांगायचे, “व्यायाम होतो.”

बायको मात्र बोलण्यातच आयुष्य काढलेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, दिवसाला चार-पाचशे माणसांशी बोलणं, आणि घरी आल्यावर उरलेलं नवऱ्याशी. तिचा स्वभाव लोण्यासारखा मऊ, पण एक खोड होती. नवरा कुठे अडला की ती त्याचं वाक्य पुरं करून टाकायची. “मला जरा क... क...” “कपाटाची किल्ली, ही घ्या.” तिला वाटायचं आपण त्यांचा त्रास वाचवतो. अडखळणाऱ्या माणसाचं वाक्य पुरं करणारे लोक मनानं चांगलेच असतात हो, पण त्या बिचाऱ्याला आयुष्यभर स्वतःचं वाक्य शेवटपर्यंत ऐकायला मिळत नाही, त्याचं काय?

तिशीत भिंगवाल्यांना हौशी रेडिओचं वेड लागलं. परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि घरच्या सेटवरून जगातल्या कुठल्याही परवानाधारकाशी बोलायचं, असा हा छंद. तोतऱ्या माणसाला बोलायचा छंद? लोक हसले. पण भिंगवाल्यांनी तोंडाचा रस्ता धरलाच नव्हता. त्यांनी धरला मोर्सचा. तार खात्यातली ती जुनी कड-कट्ट भाषा, बोटानं वाजवायची. बोटाला कसली आली दातखीळ! परवान्याबरोबर सरकारनं हवेतलं नाव दिलं. हे नाव म्हणजे अक्षरांची ओळ. ते जगात दुसऱ्या कोणाचं नसतं आणि बदलूनही मिळत नाही. त्यातली शेवटची तीन अक्षरं इंग्रजीतली के, पी आणि टी. तोंडानं सांगायची झाली तर ती ‘किलो, पापा, टँगो’ अशी सांगायची असतात. सव्वीस अक्षरं पडली होती सरकारसमोर, आणि नेमकी हीच तीन उचलावीत? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पण बोटानं वाजवताना त्यांचा ‘पापा’ इतका सुरेख उतरायचा की ऐकणारा खूश. आखूड-लांब-लांब-आखूड. त्यातूनच त्यांना बंदरवाले भेटले.

भेटले म्हणजे हवेत. बंदरवाले राहायचे दोन हजार किलोमीटरवर, समुद्राच्या पलीकडच्या एका बंदरात. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या छोट्या बोटीचे ते कप्तान. दर रविवारी सकाळी साडेनऊला हे दोघं मोर्सवर गप्पा मारायचे. सव्वीस वर्षं. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही. भेटीनंतर पोचपावती म्हणून एकमेकांना पोस्टानं कार्ड पाठवायचं, ही या छंदाची रीत; तशी कार्डं भिंगवाल्यांकडे तीन खोकी भरून होती.

बंदरवाल्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. रेडिओवर एकमेकांना गुण द्यायचे असतात: समोरच्याचं बोलणं किती स्पष्ट कळलं याला पाचपैकी, सिग्नल किती जोरदार याला नऊपैकी. बाकीचे लोक भिडेखातर सगळ्यांना ‘पाच-नऊ’ वाटून मोकळे होतात. बंदरवाले तसले नव्हते. दोस्ती असो वा नसो, चार म्हणजे चारच. एकदा वादळात त्यांनी भिंगवाल्यांना सरळ ‘दोन’ दिला होता आणि वर वाजवलं होतं, “वाईट वाटून घेऊ नकोस, पण अर्ध्याहून जास्त कळलंच नाही.” भिंगवाल्यांना हा माणूस आवडायचा तो यासाठीच.

तर अशा माणसापासून भिंगवाल्यांनी सव्वीस वर्षं एक गोष्ट लपवली होती. आपण तोतरे आहोत, हे त्यांनी कधी सांगितलंच नाही. तिथे त्या एका मित्राच्या लेखी आपण गप्पिष्ट, हजरजबाबी, विनोदी माणूस आहोत, हे त्यांना जिवापाड आवडायचं.

मग एका रविवारी बंदरवाले आले नाहीत. पुढच्याही नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं, सुनेच्या हातचं.

“बाबांना कंपवात झालाय,” असं तिनं लिहिलं होतं. “बोटं आता बटणावर ठरत नाहीत, मोर्स वाजत नाही. आम्ही त्यांना आमच्याकडे नवव्या मजल्यावर आणलंय, इथे लांब तार बांधायला सोसायटी देत नाही. पण त्यांनी हट्टानं हातातला छोटा सेट आणि छोटा ॲन्टेना घेतलाय. रविवारी सकाळी गॅलरीतून ते उपग्रहावरून बोलतात. त्यांनी सांगायला सांगितलंय, की तोच उपग्रह त्या वेळी तुमच्याही डोक्यावर असतो. ते दर रविवारी तुम्हाला हाक मारणार आहेत. काका, अजून एक, हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी लिहितेय: डॉक्टर म्हणतात आवाजही उतरत जाणार. आत्ताच पातळ झालाय. वर्षअखेरपर्यंत तरी पुरेल, असं म्हणतात.”

पत्र वाचून भिंगवाल्यांनी ते बायकोपुढे सरकवलं. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, “अहो, मग फोन लावू या ना! मी बोलते, तुम्ही शेजारी बसा.”

भिंगवाल्यांनी नकाराची मान हलवली.

“का पण?”

“स... सव्वीस वर्षं मी बोललोय त्याच्याशी,” ते म्हणाले. “आता तू नाही ब... बोलायचंस.”

इथे कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? तर मित्र हाक मारतोय, त्याचा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा विझतोय, आणि उत्तर द्यायला आपलं नाव तोंडानं घ्यावं लागणार आहे. पाण्याला तहान म्हणता येतं, पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी ते रेडिओ क्लबात गेले आणि डेपोवालीसमोर उभे राहिले. ही बस डेपोत इलेक्ट्रिशियन, चाळिशीची, हातावर कायम ग्रीसचा डाग, आणि उपग्रहावरून बोलण्यात तिचा हात धरणारं क्लबात कोणी नव्हतं.

“काका, तुम्ही? आणि उपग्रह?” ती म्हणाली. “अहो, तिथे मोर्स चालत नाही. तोंडानं बोलावं लागतं.”

“माहितीय,” भिंगवाले म्हणाले. “शिकव.”

डेपोवालीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

“तर ऐका. उपग्रह म्हणजे काही फार मोठं धूड नाही. हा एवढा डबा, पावाच्या लादीएवढा. पाचशे किलोमीटर वर. या क्षितिजातून उगवणार, त्या क्षितिजात बुडणार, आणि तुमच्या हातात मिळणार फार तर दहा मिनिटं. तुम्ही खालून जे बोलाल ते तो वरून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत सगळ्यांना ऐकवतो. पण एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि खाली तर पन्नास जण टपून बसलेले असतात. म्हणून नियम एकच: आधी ऐकायचं. डबा ऐकू येत नसेल तर बोलायच्या बटणाला हात लावायचा नाही. ऐकू न येताच बडबडणारे महाभाग असतात. त्यांच्यापायी सगळ्यांची दहा मिनिटं पाण्यात जातात.”

“ऐकणं ज... जमेल,” भिंगवाले म्हणाले. “आयुष्यभर तेच केलंय.”

डेपोवाली खो-खो हसली, आणि त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

ॲन्टेना त्यांनी घरीच केला. सुताराच्या लोखंडी फुटपट्टीच्या, म्हणजे गुंडाळायच्या त्या टेपच्या, पट्ट्या कापायच्या आणि प्लास्टिकच्या पाइपवर आडव्या बसवायच्या. वर पाठवायला तीन, खालचं ऐकायला पाच. डेपोवालीनं मापं देताना सांगितलं होतं की दोन-चार मिलिमीटर इकडे तिकडे झाले तरी बिघडत नाही. हे तिनं भिंग घासणाऱ्या माणसाला सांगावं! भिंगवाल्यांनी प्रत्येक पट्टी कानशीनं घासून पाव मिलिमीटरपर्यंत आणली. डेपोवालीनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, “काका, हा ॲन्टेना आहे, दागिना नाही.” पण तिला तो आवडला होता, जाताना तिनं मापं उतरवून नेली.

पहिल्या दोन वेळा गच्चीवर उभं राहून काहीच ऐकू आलं नाही. डबा वेळेवर उगवला, वेळेवर बुडाला, आणि सेट मेल्यासारखा गप्प. भिंगवाल्यांनी तारा तपासल्या, बॅटऱ्या बदलल्या. शेवटी डेपोवालीनं सेट हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. खरखर दाबून टाकायची खुंटी त्यांनी पूर्ण पिळून ठेवली होती. बायकोला खरखर सहन व्हायची नाही, म्हणून घरात ती खुंटी कायम तशीच. हाताला तीच सवय. “काका, डब्याचा आवाज त्या खरखरीच्या आतूनच येतो,” डेपोवाली म्हणाली. “ती दाबलीत तर तोही दबला. खरखर सोसायची.”

सोसली. आणि मग एका सकाळी, पाण्याच्या टाकीशेजारी उभं असताना, त्या खरखरीतून एकदम माणसं फुटली. एक इथली, एक तिथली, एक बाई कुठल्या तरी बेटावरून आपलं नाव सांगतेय, कोणी हसतोय. डबा वर येताना आवाज चढा लागतो म्हणून फ्रिक्वेन्सी थोडी वर धरायची, आणि तो पुढे सरकेल तशी एकेक पायरी खाली उतरायची. शिट्टी वाजवत गाडी समोरून निघून जाते तेव्हा शिट्टी उतरते ना, तसं. आवाज फिका झाला की ॲन्टेना मनगटात जरा पिळायचा. भिंगवाल्यांच्या हाताला हे दुसऱ्याच दिवशी आलं. तेहेतीस वर्षं काचेचा वक्र बोटानं ओळखला होता, तेवढं मनगट तयार होतंच.

आणि त्या रविवारी हाक आली.

“किलो पापा टँगो. किलो पापा टँगो. ऐकतोयस का?”

पातळ, थरथरता, दम लागलेला आवाज. भिंगवाल्यांनी तो कधीच ऐकला नव्हता, तरी त्यांना क्षणात कळलं. तेच थांबणं, तीच घाई, शेवटचं अक्षर जरा लांबवायची तीच लकब. मोर्समध्ये सव्वीस वर्षं ऐकलेला माणूस तोंडानं बोलत होता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी बटण दाबलं.

आणि काही झालंच नाही.

ओठ मिटले. मान ताठली. ‘कि’ घशाशी येऊन बसला तो बसलाच. पण बटण दाबलेलं होतं, आणि इथेच या छंदातली गोम आहे. बटण दाबून माणूस बोलला नाही, तरी त्याचा सिग्नल डब्यापर्यंत जातोच, आणि डबा इमानेइतबारे ती शांतता सगळ्यांना ऐकवतो. भिंगवाल्यांच्या कानातली खरखर खटकन थांबली. त्यांचंच न बोलणं वरून फिरून त्यांच्या कानात येत होतं. दहा सेकंद. पंधरा. वीस. तेवढ्या वेळात त्या डब्याखालच्या कोणालाच एक शब्द बोलता आला नाही.

शेवटी त्यांचा अंगठा सुटला, आणि खरखरीतून कोणीतरी कडाडलं, “अरे कोणाचं बटण अडकलंय! खिशात घालून बसलास का सेट?” दुसरा म्हणाला, “अशांचे परवाने काढून घ्या!” त्या गोंधळातून तो पातळ आवाज पुन्हा एकदा आला, “किलो पापा टँगो...” आणि डबा बुडाला.

भिंगवाले खाली आले, ॲन्टेना कोपऱ्यात उभा केला आणि हात धुतले. बायको मागोमाग होतीच, कारण ॲन्टेना धरायचं काम आता तिनं घेतलं होतं आणि छोट्या स्पीकरवरून तिनंही सगळं ऐकलं होतं.

“अहो, ऐका माझं,” ती म्हणाली. “परवाना तुमचा, तोंड माझं. डेपोवालीला विचारलंय मी. परवानावाला शेजारी उभा असेल तर दुसऱ्यानं बोललेलं चालतं. मी नुसतं नाव घेते, ‘किलो पापा टँगो’, आणि सांगते की तुम्ही इथेच आहात. त्यांनाही बरं वाटेल, तुमचाही जीव...”

“नको.”

“पण का नको? किती वर्षं मी...”

“म्हणूनच नको!” भिंगवाले एवढ्या जोरात बोलले की दोघंही दचकले. मग त्यांनी टेबलाची कड धरली आणि सावकाश, अडत, थांबत सांगितलं. बायकोनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. ते म्हणाले, “तू माझं व... वाक्य पुरं क... करतेस. माया आहे तुझी, मला क... कळतं. पण तो जाईल आणि त्याला माझा आवाजच म... माहीत नसेल. त्यानं त्याचा दिला ना मला? थरथरता, प... पातळ, जसा उरलाय तसा. त्याला लाज नाही वाटली. मग मी क... कसली लाज बाळगतोय?”

बायकोनं डोळे पुसले आणि म्हणाली, “बरं बाई. नाही बोलत मी.” आणि ते तिनं पाळलं, हे पुढे दिसेलच.

पुढचे सहा दिवस भिंगवाल्यांनी कंबर कसली. मशीनच्या घरघरीत उभं राहून ‘किलो पापा टँगो’ शंभर शंभर वेळा म्हणायचे; तिथे ते लख्ख यायचं. मशीन बंद करायचं आणि म्हणायचं; तिथे गाडी अडायची. आरशासमोर म्हणून पाहिलं, चालता चालता, बोटानं ताल धरून म्हणून पाहिलं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी स्वतःशी हिशोब मिटवला: हे बरं होणार नाही. साठीला आलेल्या माणसाची जीभ सहा दिवसांत वळत नसते. तेव्हा अडखळायचंच आहे तर ते लपवायचं तरी कशाला?

त्यांनी खोक्यातून एक कोरं पोचकार्ड काढलं. त्यावर रकाने असतात: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, गुण, शेरा. त्यांनी मागच्या रविवारची तारीख घातली, मिनिटासकट वेळ घातली. बंदरवाल्यांना गुण लिहिले: स्पष्टता चार. खोटा पाच त्यांनाही दिला नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं:

“ते बटण माझं होतं. अडकलेलं नव्हतं. मी लहानपणापासून तोतरा आहे, आणि माझं स्वतःचं नावच माझ्या तोंडून निघत नाही. सव्वीस वर्षं तुला सांगितलं नाही, चूक झाली. मी येणार आहे. वेळ लागला तर थांब.”

कार्ड पेटीत टाकताना त्यांचा हात कार्डाला चिकटून राहिल्यासारखा झाला. पण टाकलं. एकदा पेटीत पडलं की पडलं, तिथून माघार नाही.

पत्र समुद्रापलीकडे जायला सहा ते बारा दिवस. पुढच्या रविवारी डबा क्षितिजालगत, समोरच्या इमारतींच्या आडूनच गेला. खरखरीशिवाय काही हाती लागलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तो थेट डोक्यावरून जाणार होता. कार्ड पोचलं की नाही, वाचलं की नाही, वाचून बंदरवाल्यांना काय वाटलं, काहीच माहीत नव्हतं. सकाळी चहा घेताना डेपोवालीचा निरोप आला बायकोच्या मोबाइलवर: “काका, श्वास घेऊन मग बटण दाबा. आणि कोणी ओरडलं तर ओरडू दे. मी पण ऐकतेय.”

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी दोघं टाकीशेजारी उभे राहिले. बायकोनं दोन्ही हातांनी ॲन्टेना धरला. सेट आणि स्पीकर भिंगवाल्यांकडे. खरं सांगायचं तर पाचावर धारण बसली होती. पण ते उभे राहिले.

खरखरीतून माणसं वर आली. तीन-चार जणांनी भराभर नावं घेतली. भिंगवाले एकेक पायरी खाली उतरत गेले. चौथ्या मिनिटाला तो आवाज आला, पंधरा दिवसांत आणखी पातळ झालेला.

“किलो पापा टँगो. आहेस का?”

भिंगवाल्यांनी श्वास घेतला. बटण दाबलं. खरखर खटकन थांबली.

काही नाही. ओठ मिटलेले, मान ताठ. त्यांच्याच न बोलण्याची शांतता पुन्हा वर जाऊन खाली येत होती. पाच सेकंद. सात. बायकोनं खालचा ओठ दातांत धरला. भिंगवाल्यांनी अंगठा उचलला, दम घेतला, आणि त्या फटीत तोच परवाचा कडाडणारा आवाज घुसला, “आला! बटणवाला आला बघा परत! अरे, कोणीतरी त्याचा सेट...”

“बटण अडकलेलं नाही.”

इतका हलका आवाज, की दुसऱ्या कोणाचा असता तर कोणी लक्षही दिलं नसतं. पण त्या डब्याखाली बंदरवाल्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता.

“बटण अडकलेलं नाही,” ते पुन्हा म्हणाले, प्रत्येक शब्दामागे दम घेत. “माझा मित्र बोलतोय. त्याला वेळ लागतो. सगळ्यांनी गप्प राहा. ही उरलेली मिनिटं त्याची आहेत.”

आणि काय सांगू, सगळा डबा गप्प झाला. पन्नास माणसं टपून बसलेली, प्रत्येकाला आपलं नाव घ्यायची घाई, आणि एकानंही बटणाला हात लावला नाही. कानात नुसती खरखर. ती खरखर आता भिंगवाल्यांची वाट बघत होती.

त्यांनी बटण दाबलं. शांतता. तीन सेकंद, चार. कोणी ओरडलं नाही. पाच. आणि मग घशातला तो दगड सरकला.

“कि... कि... किलो,” भिंगवाले म्हणाले. “प... प... प...” डोळे मिटले, उघडले. बायकोनं ॲन्टेना डब्यावरून हलू दिला नाही. “...पापा. ट... टँगो. मी आहे. म... मित्रा, मी आलोय.”

अंगठा सुटला. खरखर आली. डबा आता उतरणीला लागला होता. भिंगवाल्यांनी फ्रिक्वेन्सी एक पायरी खाली घेतली, बायकोनं ॲन्टेना मनगटात पिळला.

“कार्ड मिळालं,” बंदरवाले म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता आणि ते नुसतं आजारानं नव्हतं. “काल मिळालं. गाढवा, सव्वीस वर्षं! मी काय तुझी जीभ तपासून दोस्ती केली होती? ऐक. तुझे गुण लिहून घे. अक्षर न् अक्षर कळलं. स्पष्टता पाच. जोर सात, ॲन्टेना अजून थोडा वर धर.”

भिंगवाल्यांनी आणखी दोनदा बटण दाबलं. एकदा म्हणाले, “तुझा आ... आवाज छान आहे.” एकदा म्हणाले, “प... पुढच्या रविवारी.” बंदरवाल्यांचं “येतो” खरखरीत बुडता बुडता ऐकू आलं, आणि डबा गेला.

गच्चीवर दोघंच उरले. भिंगवाल्यांनी सेट बंद केला, टाकीला टेकून वहीत वेळ लिहिली, तारीख लिहिली आणि गुणांच्या रकान्यात आकडा लिहिला. बायकोनं ॲन्टेना खाली ठेवला. दोन्ही हात आखडले होते. स्पीकर तिच्या कानापासून हातभर अंतरावर होता आणि तिनं सगळं, सगळं ऐकलं होतं. तरी तिनं विचारलं.

“किती दिले हो त्यांनी?”

भिंगवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“प...” ते म्हणाले. “प... प...”

शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता. तीस वर्षांची सवय. तिनं हातावर हात घट्ट धरला आणि वाट बघत राहिली. खाली रस्त्यावर एक बस येऊन थांबली, दोन माणसं उतरली, बस निघून गेली.

“पाच,” भिंगवाले म्हणाले.